सेवेचा गौरव पुरे, शिकण्याची सोय करा

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या पोराचे हातपाय रात्री अचानक दुखू लागले. दुखणे साधे नव्हते, पोरगा अंथरुणावर लोळत होता. घरच्यांनी तेल चोळले. कोणी म्हणाले थंडी लागली, कोणी म्हणाले नजर लागली. शेवटी शेजारणीने आशाताईला हाक मारली. आशाताईने आल्या आल्या एकच गोष्ट विचारली, "याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" शाळेत झालेल्या तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी सापडला. पोरगा सिकलसेलग्रस्त होता आणि घरात ते कोणाला नीट समजलेच नव्हते. आशाताईने त्याला पाणी पाजायला लावले, गोधडीत गुंडाळले, तो कागद बापाच्या खिशात घातला आणि रात्रीच दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांना कागद पाहताच दुखणे कळले. सलाईन लागली, औषध मिळाले. चौथ्या दिवशी पोरगा घरी आला.

वस्तीत सगळे म्हणू लागले, "आशाताईचं मन मोठं आहे बापा."

मन मोठे आहेच. पण मन त्या शेजारणीचेही मोठे होते, तीही रात्रभर जागली होती. पोराच्या कामी आली ती आशाताईची माहिती. ती तिला एका प्रशिक्षणात मिळाली होती आणि तिने ती लक्षात ठेवली होती. ते प्रशिक्षण झाले नसते, किंवा त्या दिवशी ती गैरहजर असती, तर रात्र तेल चोळण्यातच गेली असती.

आम्ही हे लिहिणाऱ्या, दर रविवारी विहारात बसणाऱ्या बाया आहोत. आमच्यात आशा आहेत, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस आहेत, घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे करणाऱ्या आहेत, एक निवृत्त नर्सबाई आहेत. या पानावर आपण एरवी आजारांबद्दल वाचता. आज आजारी माणसाजवळ सगळ्यात आधी जी बाई पोहोचते, तिच्या शिक्षणाबद्दल आणि तिच्या पुढच्या वाटेबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकलसेल आहे एवढेच कळते. माणूस फक्त वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्णाला थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अतिश्रम यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. रक्त कमी दिसले म्हणून त्याला डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देत राहणे बरोबर नाही. एवढ्या गोष्टी आशाताईला पक्क्या ठाऊक असल्या, तर घरातले लग्न जुळवण्यापासून लेकराच्या शाळेपर्यंत किती गोष्टी नीट होतील, विचार करा. आणि ठाऊक नसल्या, तर तोच कागद पेटीच्या तळाशी पडून राहील.

भगवंतांनी पाच गुण सांगितले

काही लोक म्हणतात, सेवेला शिक्षण कशाला हवे, करुणा असली की झाले. त्यांना विनयपिटकातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला रुग्णसेवेचा नियम घालून दिला.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, तर मैत्रीभावाने करावे. मलमूत्र, ओकारी यांची त्याला किळस नसावी. आणि त्याला धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता यावा. पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

तिसऱ्या गुणाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, बघा, लाभ नको असे सांगितलेच आहे. त्यांनी पुढचेही वाचावे. मरण पावलेल्या भिक्खूचे पात्र आणि चीवर ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना संघाने द्यावे, अशी अनुज्ञाही तिथेच आहे. म्हणजे करणाऱ्याने मोजमाप करू नये, पण संघाने त्याला विसरू नये. आज संघाच्या जागी सरकार आहे, जिल्हा परिषद आहे आणि आपण स्वतः आहोत. करुणा त्या बाईने दाखवली. आपली बाजू आपण पूर्ण केली का?

गोड शब्दांत अडकलेल्या बाया

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि आशा हे पद आले, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. कागदावर ती स्वयंसेविका. तिला मिळते ते मानधन, आणि कामागणिक मोबदला. दवाखान्यात बाळंतपण झाले की ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाचे वजन घेते, ताप बघते, नाळ बघते, श्वास मोजते, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास असले तर धोका ओळखते, आईला दूध पाजायला शिकवते. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत.

अंगणवाडी त्याहून जुनी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथेही शब्द सेविका, आणि पैसा मानधन. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा लागू होतो असा निकाल दिला आणि त्या कायद्यापुरते त्यांचे मानधन हे वेतनच आहे असे मानले. योजना सुरू होऊन ४६ वर्षे उलटल्यावर हे मान्य झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. आम्हाला आनंद झाला. पण गौरवाच्या दुसऱ्या दिवशी आशाताई तीच वही, तीच पिशवी घेऊन निघाली. पंधरा वर्षांपूर्वी आशा म्हणून लागलेली बाई आजही आशाच आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. गावात बाळंतपणे करणाऱ्या सुइणींमध्ये आपल्याच आज्या-पणज्या कितीतरी होत्या. घाण त्यांनी उचलली, नाळ त्यांनी कापली. मोबदला म्हणून सुपातले धान्य, जुने लुगडे. त्यांच्या हातातल्या कसबाला कोणी विद्या म्हटले नाही, कारण ते हात आपले होते. आज दवाखान्यात जाऊन पाहा. झाडूपोछा, आयाचे काम, रुग्णाला उचलणे, बहुतेक कंत्राटावर. आणि त्या रांगेत आपल्या वस्तीतल्या बाया किती आहेत ते मोजा. काम हलके नाही, पण त्याला दाखला नाही आणि पुढची पायरी नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाची बाजू घेतली तेव्हा आईच्या विश्रांतीत देशाचे हित आहे आणि त्याचा भार एकट्या बाईवर टाकता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमची मागणी त्याच वाटेवरची आहे. या बायांच्या कामाचा फायदा सगळ्यांना होतो, तर त्यांच्या शिक्षणाचा भार एकट्या त्यांच्यावर का?

शिकवले तर काय होते

शिकवून खरेच फरक पडतो का, याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. या बाया काही डॉक्टर नव्हत्या, शाळेत जेमतेम पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला उबेत कसे ठेवायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचे, हे त्यांना पायरीपायरीने शिकवले आणि वरून सतत देखरेख ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभरच्या आशा ज्या घरभेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

पण आम्ही जी प्रशिक्षणे पाहिली, त्यातली कितीतरी वेगळीच होती. एका खोलीत साठ-सत्तर बाया, पुढे एक जण वाचून दाखवणार, मग चहा, मग सही. बाहुलीवर हात ठेवून सराव करायची वेळ येण्याआधी पाच वाजायचे. आता तर बराच वेळ मोबाइलमध्ये माहिती कशी भरायची यात जातो. माहिती भरणे गरजेचे आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण बाळाचा श्वास मोजायला ॲप येत नाही, बाई येते.

शिक्षण न देणे आणि कंत्राटावर ठेवणे या गोष्टी जोडीने चालतात. बाई उद्या जाणारच आहे, तर तिला शिकवायचे कशाला, असा हिशेब होतो. आणि काही विपरीत घडले की सगळ्यात आधी तिच्याचकडे बोट जाते. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचली. ती पहाट या जिल्ह्यातली कोणतीही आई विसरणार नाही. पुढे कारवाई झाली तेव्हा कायम असलेल्या काहींचे निलंबन झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवली गेली. दोष कोणाचा, हे ठरवणे कायद्याचे काम आहे. आम्ही एवढेच विचारतो, की आज जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात रात्रपाळीच्या प्रत्येक बाईला, कंत्राटी असो की आया असो, आग लागली तर काय करायचे हे हाताने करून शिकवले आहे का? नसेल, तर आपण त्या दहा बाळांपासून काय शिकलो?

शिडी कुठे आहे, कुठे नाही

अंगणवाडीत शिडीच्या दोन पायऱ्या तरी कागदावर आहेत. २०२२ च्या सक्षम अंगणवाडी व पोषण २.० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून, आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या सेविकांमधून बढतीने भरायच्या आहेत. शिक्षणाच्या आणि इतर अटी आहेतच. आमच्या गटातल्या मदतनीसबाई सातवी शिकलेल्या. अनुभव अठरा वर्षांचा, पण पायरी चढता येत नाही. त्यांना दोष द्यायचा की त्यांना दहावीला बसवायचे?

आशाताईची शिडी याहून अवघड. वर गटप्रवर्तक आहे, पण त्या जागा थोड्या, पदवी लागते, आणि तिथेही कायम नोकरीची मागणी करता करता बाया थकल्या. खरी वाट आहे ती नर्सिंगची. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, दोन्हीला बारावी लागते. नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे पस्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे, पण एएनएम झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट नाही. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे शिडी आहे. आशाताईच्या दारापासून पहिल्या पायरीपर्यंत कोणी फळी टाकलेली नाही. छत्तीसगडने आपल्या मितानिन बायांना नर्सिंग शिक्षणासाठी मदत करून दाखवली. ते राज्य इथून काही दूर नाही.

तिसऱ्या प्रकारच्या बाया सगळ्यात मागे आहेत. भंडारा, मोहाडी, लाखनीकडून कितीतरी जणी नागपूरला ब्युरोमार्फत आजारी माणसांचे करायला जातात. बारा तास उभ्या, पक्षाघात झालेल्या माणसाला एकटीने कूस बदलायला लावायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, नळीतून अन्न द्यायचे. शिकवले कोणी? पहिल्या घरातल्या मुलीने अर्ध्या तासात. यात रुग्णालाही धोका आणि बाईच्या कमरेलाही.

याच बायांना आणि बारावी झालेल्या पोरींना 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या भुलवतात. आम्ही कळकळीने सांगतो, पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का? होत नसेल तर तो नर्सचा कोर्स नाही. रुग्णसाहाय्यक म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचे प्रशिक्षण चांगले आहे, ते कौशल्य विकासाच्या योजनांत मिळते, पण त्याने साहाय्यक होता येते, नर्स होता येत नाही. हे आधी कळले तर गहाण पडलेले दागिने वाचतील.

मागायचे काय आणि करायचे काय

जिल्हा परिषदेकडे आणि सरकारकडे आमचे मागणे चार ओळींचे आहे. प्रशिक्षणात एका वेळी थोड्याच बाया बसवा आणि निम्मा वेळ हाताने सराव करू द्या. प्रशिक्षणाच्या दिवसाचा पूर्ण मोबदला द्या. प्रत्येक प्रशिक्षणाचा दाखला द्या, जो दुसऱ्या कामाला लागताना दाखवता येईल. आणि पाच वर्षे काम केलेल्या आशा, मदतनीस, कंत्राटी आया यांच्यासाठी एएनएमच्या जागा राखून ठेवा, शिकत असताना त्यांचे मानधन बंद करू नका.

पण सगळे सरकारवर टाकून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. घरात आणि वस्तीत करण्यासारखे पुष्कळ आहे.

जिची दहावी-बारावी राहिली आहे, तिचा १७ नंबरचा फॉर्म यंदा भरा. शेवटची तारीख निघून गेल्यावर शाळेत चकरा मारू नका. विहारातली अभ्यासिका सकाळ-संध्याकाळ पोरांनी भरलेली असते, दुपारी रिकामी असते. दुपारचे दोन तास बायांसाठी ठेवा. इंग्रजी शिकवायला वस्तीतलीच कॉलेजातली पोरे बसवा.

मुलगी दहावीत असतानाच जात प्रमाणपत्र आणि जात वैधतेची कागदपत्रे गोळा करायला लागा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण कागद अपुरा असला की राखीव जागा डोळ्यासमोरून जाते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे, राहण्या-जेवणाचे पैसे त्यातून मिळतात. समाजकल्याण कार्यालयात यंदाच्या अटी विचारून घ्या, अटी बदलत असतात.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. बायको दोन दिवस प्रशिक्षणाला गेली तर भाकरी कोण करेल, यावरून कितीतरी बायांचे प्रशिक्षण बुडते. दादांनो, दोन दिवस वरणभात लावता येतो. तिच्या शिकण्याने ज्या पोराचा जीव वाचेल, ते पोर कदाचित तुमचेच असेल.

वस्तीतल्या सगळ्यांना शेवटची विनंती. आशाताई दारात आली की "मन मोठं आहे" एवढ्यावर तिची बोळवण करू नका. तिला विचारा, "ताई, यंदा काय नवीन शिकलात? पुढे काय शिकायचं आहे?" उत्तर नाही असे आले, तर तो आपल्या वस्तीच्या बैठकीचा विषय करा, ग्रामसभेत मांडा. त्या रात्री एक कागद पेटीतून बाहेर आला, कारण एका बाईला तो कशाचा आहे हे ठाऊक होते. अशी बाई प्रत्येक वस्तीत असावी आणि तिची वाट तिथेच संपू नये.

जयभीम. नमो बुद्धाय.